मुरमावरचा बास्केटबॉल

बास्केटबॉलमध्ये पुण्याच्या पहिल्या नंबरच्या कॉलेजला आम्ही नगरच्या मुलींनी त्यांच्याच मैदानावर हरवलं, हे तुम्हाला थापच वाटेल. निघतानाच आमचे सर म्हणाले होते, "दुष्काळाचं वर्ष आहे. हरलात तर मुलींची टीम कायमची बंद." मोठ्यांचे आशीर्वाद हे असे!

मध्यंतराला आम्ही मागे होतो. सर तणतणत आले. "त्या बघा, कशा चेंडूचे टप्पे टाकत पळतात! तुम्ही नुसत्या एकमेकींकडे फेकताय."

तिसगावची शांता म्हणाली, "सर, आपल्या मैदानात मुरूम हाय. टप्पा टाकला की चेंडू बाभळीत जातो. आमाला फेकायचंच ठावं."

"मग शिका आता!"

"आता नाही, सर," मी म्हटलं, आणि आम्ही दुप्पट वेगानं फेकाफेकी सुरू केली. पुण्याच्या मुली चेंडूमागे धावून धावून दमल्या. आम्ही एका बास्केटनं जिंकलो.

त्यांच्या मॅडमनी कौतुकानं विचारलं, "सर, असं पासिंग शिकवलंत तरी कसं?"

सर छाती काढून म्हणाले, "मेहनत आहे माझी. पुढच्या वर्षीही टीम आणतोय."

शांता लगेच म्हणाली, "व्हय मॅडम, समदं सरांमुळंच. किती मागं लागलो, पन मैदान सपाट करून दिलं न्हाई!"