येग्वानच्या खुर्चीत कोण बसणार

रामकिशन सर : ...ते राहू दे. त्या फोटोवरचा हार आधी काढ, निजामोद्दीन.

निजामोद्दीन : सर, मंडपाच्या धंद्यात वीस वर्षं झाली मला. खुर्चीवर फोटो ठेवला की हार घालूनच देतो आपण.

रामकिशन सर : हार गेलेल्या माणसाला. येग्वान जिवंत आहे. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. उत्तर द्यायचं राहिलं आहे.

सिंधु : काय इचारलंय त्यानं?

रामकिशन सर : नंतर सांगतो.

निजामोद्दीन : तरीच. हार बघून मघाशी शेजारच्या साखराबाई फोटोसमोर बसून रडल्या. लेकरं किती हायत म्हणल्या. मी दोन सांगितली.

रामकिशन सर : तीन आहेत.

निजामोद्दीन : मग अजून रडल्या असत्या.

सिंधु : रडू द्या. मी चहा देऊन बसवून घेतलंय त्यांना. माणसं आधीच कमी. मुखेडहून माझ्या भावाचा, आदिनाथचा फोन आला, मयत कवा झाली म्हणून. मयत न्हाई, रिटायर झालाय म्हणलं, तर येत न्हाई म्हणला.

निजामोद्दीन : सर, बाकीचे पाहुणे इचारतील हा गोरा कोण. काय सांगू?

रामकिशन सर : कार्यक्रमपत्रिका दिली आहे ना? परिच्छेद दोन वाच.

निजामोद्दीन : "श्री. येग्वान योएन्सन. राहणार फेरो बेटे." हे कुठं आलं?

रामकिशन सर : उत्तरेच्या समुद्रात. सगळा देश मिळून माणसं आपल्या देगलूरएवढी.

निजामोद्दीन : "फुटबॉलमध्ये स्ट्रायकर. एकाच क्लबात एकोणीस वर्षे, एकशे बारा गोल. देशातर्फे तीन सामने, एक गोल." त्या सामन्यात जिंकले का?

रामकिशन सर : पाच-एकने हरले. तो एक याचा.

निजामोद्दीन : "दिवसा मासळीच्या कारखान्यात वीजतंत्री." हे लई बराबर केलं. वायरमन कुठंबी जगतो.

रामकिशन सर : त्यांच्या मैदानाला लागून समुद्र आहे. चेंडू बाहेर गेला की नाव काढावी लागते.

निजामोद्दीन : आपल्याकडं गेला की भांडण काढावं लागतं.

सिंधु : लॉकडाऊनमधी ह्यांनी हे येड लावून घेतलं. साऱ्या जगाचे खेळ बंद, आन् त्या बेटावर सुरू झाले. ड्यूटीला निघाल्यासारखं आवरून, हातात वही घेऊन मोबाइलपुढं बसायचे.

रामकिशन सर : नोंदी नको? पहिल्याच सामन्यात नऊ नंबरचा एक माणूस गोल मारून नाचला नाही. वाकून स्वतःचा गुडघा तपासत बसला, लोड जास्त झाला की आपण फ्यूज बघतो तसा. त्याच रात्री मी त्याला पत्र लिहिलं, तेव्हापासून आमचे मेसेज चालू आहेत. आता गेल्या महिन्यात त्याने खेळ सोडला. शेवटचा सामना संपला, अंघोळ केली आणि ड्यूटीवर गेला. शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द नाहीत. एकोणीस वर्षांनंतर! हे पद्धतीत बसत नाही.

निजामोद्दीन : पण सर, अडचण हाय. फोटोला शाल टिकत न्हाई. दोनदा टाकून बघितली, दोनदा घसरली. खुर्चीत माणूस पाहिजे.

रामकिशन सर : त्याचा विचार केलेला आहे. बदली सत्कारमूर्ती चालेल. मागे अटी लिहिल्या आहेत.

निजामोद्दीन : "एक, ट्रेड वीजतंत्री. दोन, एकाच संस्थेत किमान एकोणीस वर्षे. तीन, निरोपाविना निवृत्त." सर...

रामकिशन सर : आहे का कोणी तुझ्या माहितीत?

निजामोद्दीन : ज्यानं मला आयटीआयला वायरिंग शिकवली, तो माणूस एकतीस वर्षं एकाच वर्कशॉपमधी व्हता. त्याच लॉकडाऊनमधी रिटायर झाला. ऑर्डर मोबाइलवर आली. वर्कशॉपला कुलूप लावलं, चावी वॉचमनला दिली आन् पायी घरी गेला.

रामकिशन सर : चावीची पोच घेतली होती.

निजामोद्दीन : हाव. पोच तेवढी घेतली.

रामकिशन सर : आयोजकाने सत्कारमूर्ती व्हायचं नसतं. तसा नियम आहे.

निजामोद्दीन : कुठं हाय? ह्या कागदात तर न्हाई.

रामकिशन सर : टाइप करायचा राहिला.

सिंधु : मग राहू द्या. तुमची सफारी इस्त्री करून ठिवलीय.

रामकिशन सर : केव्हा केलीस?

सिंधु : रिटायर झालात तवाच. दरसाल पुन्हा करते.

रामकिशन सर : सन्मानपत्रावर नाव येग्वानचंच राहील.

निजामोद्दीन : त्याचंच. शालबी त्याचीच. खांदे तेवढे तुमचे.

रामकिशन सर : आणि एकोणीस वर्षंच वाचायची. एकतीस म्हणायचं नाही.

(सर सफारी घालून खुर्चीत बसतात. शाल टिकते.)

सिंधु : साखराबाई इचारायल्यात, हेच वारले का.

रामकिशन सर : त्यांना निवृत्त म्हणून सांग.

निजामोद्दीन : सर, फोटो चांगला आला. गोऱ्याला पाठवू का?

रामकिशन सर : थांब. सोबत सकाळच्या मेसेजचं उत्तर जाऊ दे. त्याने विचारलं होतं, तुमच्या निरोपाला किती माणसं आली होती.

निजामोद्दीन : मग, काय लिहू?

रामकिशन सर : मोज. साखराबाईंना धरून.