टॅलबटबाईंचा खांदा

शाळा चालवणाऱ्यांनो, पोरांचे जीव तुम्ही एका दुखऱ्या खांद्यावर टाकलेत! टेक्सासमधल्या बंदुकांच्या दुकानात, रांगेत उभ्या लोरीननं स्वतःच्या कानांनी ऐकलं. पुढे तिच्या लेकीच्या वर्गशिक्षिका टॅलबटबाई होत्या.

"शाळेत कुणी गोळीबार करायला आलं तर म्हणून शाळेनं दिलेल्या रायफलीसाठी कमी धक्क्याची गोळी द्या. खांद्याचं ऑपरेशन झालंय."

"देतो, मॅडम. पण त्या धक्क्याच्या जोरावरच पुढची गोळी आपोआप चढते. फार हलकी घेतलीत तर रायफल अडकेल."

"मग?"

"हातानं बोल्ट, म्हणजे गोळी चढवणारा दांडा, ओढायचा, जोरात."

"हा हात उचलत नाही हो. फळ्यावरसुद्धा खालीच लिहिते, पोरं हसतात."

"मग नेहमीची घ्या."

"तिच्या धक्क्यानं परवा सरावात आडवी पडले."

दुकानदारानं दोन्ही गोळ्यांची खोकी काउंटरवर ठेवली.

शाळेच्या साहेबांनो, आता तुम्हीच सांगा, बाईंनी कुठली गोळी घ्यायची?