तीन नंबरचा प्लग

नाही नाही, ताप मोजायचा हा सेन्सर दोन नंबरच्या प्लगला नाही बसवायचा — डबीवर काय वाट्टेल ते छापलेलं असू दे, तीन म्हणजे तीन. बसा तुम्ही त्या स्टुलावर, पाय हलतो त्याचा, भिंतीला टेकून बसा. घाई आहे? असणारच, ती सगळ्यांनाच असते. पण परवा बायकोमुलांना घेऊन घाट चढायचाय म्हणालात ना, मग तासभर लागला तर लागू दे. हे बघा, ही गाडी वयानं तुमच्यापेक्षा मोठी. हिला पाणी नाही, रेडिएटर नाही, नुसता पंखा. पंख्याचा वारा चारही सिलिंडरांवर जातो — जातो म्हणायचं आपलं. तिघांना पोटभर मिळतो, आणि हा इथला, आतल्या अंगाचा तीन नंबर, याच्या वाटेत तेल थंड करायची जाळी उभी. म्हणजे तेलाचा उष्टा, तापलेला वारा याच्या वाट्याला. सावत्र पोर हो! जातं ते आधी हेच जातं. मग ताप कुणाचा बघायचा? जेवलेल्याचा की उपाशी राहिलेल्याचा? तरी सगळे जण सेन्सर दोनलाच बसवतात. का? तिथे हात पोचतो. इथे घालून बघा हात — नको, राहू दे, पत्रा मनगट कापतो. दिसत काही नाही, बोटांनीच बघायचं. ही सेन्सरची तांब्याची कडी प्लगच्या बुडाशी घालायची, प्लग असा रबरी नळीच्या तुकड्यात खोचायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. ॲल्युमिनियमचे आटे आहेत, पान्यानं जोर केला की गेलेच म्हणून समजा.

आणि समोर मीटर आलं की माणसाचं काय होतं, सांगू? बहिरा होतो तो. एरवी कानानं चालवतो, नाकानं चालवतो — आवाज बदलला, तेल करपल्याचा वास आला की पाय आपोआप वर. मीटर आलं की सगळा भार काट्यावर. काटा हिरव्यात आहे ना? मग चला. माझा धाकटा भाऊ तसाच — नाही, तसा नव्हता तो, तेच तर सांगतोय! महाभित्रा. घाटात दर दोन वळणांनी थांबायचा, मागचं इंजिनाचं झाकण उघडून तासभर बसायचा. आम्ही चिडवायचो त्याला, अरे इंजिन आहे ते, अंडी उबवतोयस का? शेवटी मीच म्हटलं, चल, तुला मीटर बसवून देतो, म्हणजे ही थांबाथांब तरी संपेल. कुठे बसवलं? — तो टॉर्च जरा धरा. वर. अजून वर — दोनलाच बसवलं. का म्हणून काय विचारता? कोण मनगट कापून घेणार? शितावरून भाताची परीक्षा, म्हटलं, एक तापला की चारही तापणार. आणि त्याला बजावलं, काटा लाल झाला तरच थांब, नाहीतर थांबायचं नाही, लोक हसतात. नाही थांबला तो. दादानं सांगितलं म्हणजे झालं. सगळा चढ तीन नंबर आत भाजत होता आणि समोर काटा हिरव्यात. उतार लागला, गाडी वेगात आली, आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमध्ये घुसला — इंजिन जाम, मागची चाकं जाम, गाडी आडवी झाली ती कठड्यावरून खालीच.

इंजिन माझ्याकडेच आलं. दुसरं कुणाकडे येणार? अपघाताचा तपासनीस दुपारी यायचा होता. मी सकाळीच प्लग खोलले. तीन नंबर काळाठिक्कर, पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक. आणि दोन नंबर स्वच्छ हो, अगदी स्वच्छ, बुडाशी माझी कडी चकचकीत. मग मी ती काढली आणि तीनला घातली. पाच मिनिटं लागली. इंजिन बाहेर टेबलावर असलं की तीनलाही पाचच मिनिटं लागतात. तपासनिसानं विचारलं, हे तुम्हीच बसवलं होतं? मी म्हटलं, हो. खोटं काय बोललो? त्यानं लिहिलं, मीटर योग्य जागी, चालकानं दुर्लक्ष केलं. — उठू नका, टॉर्च हलतोय.

मगाशी बाहेर तुमच्याकडून फॉर्म भरून घेतला ना, ती त्या भावाची बायको. मीच आणली तिला कामाला. मुलीचं सगळं मीच बघतो, लोक देवमाणूस म्हणतात मला. ती नवऱ्याचं नाव काढत नाही. फोटो उतरवून ठेवलाय. मुलीला सांगते, तुझ्या बापाला समोर काटा दिसत होता, तरी तुझं तोंड आठवलं नाही त्याला. आता ती पोरगी अठराची झाली, गाडी शिक म्हटलं तर नको म्हणते. म्हणते, काका, मी बाबांवर गेले असेन तर? आणि मी तिथेच बसलेला असतो, समोर ताट असतं. सांगायचं ठरवतो. दरवेळी ठरवतो, आणि दरवेळी वाटतं, मग यांना माझ्याशिवाय कोण आहे? हे असं वाटतं ना, त्याची जास्त लाज वाटते मला. अकरा वर्षं झाली. आणि तुम्हाला, ना ओळख ना पाळख, सगळं सांगून बसलो. हात अडकलेला असला की तोंड सुटतं माझं.

हं, बसला. लावा किल्ली. चढतोय काटा? चढू दे, घाबरू नका, तीन नंबरचा आहे तो. लाल व्हायच्या आधीच थांबायचं, आणि वास आला तर काट्याकडे बघतसुद्धा बसायचं नाही. आता एक ऐका. मीटर बसवलेली गाडी निघाली की ती उठून खिडकीशी येते. म्हणेल, भाऊ, काटा लाल झाला की थांबा हं, आमच्या घरच्यांनी थांबवली नव्हती. प्रत्येकाला म्हणते. पान्याचा आवाज केला तरी मला ऐकू येतं. तुम्ही फक्त म्हणायचं, हो ताई, थांबवीन. बास. पुढे एक शब्द नाही. माझ्याकडे काय बघताय? नाही म्हणून सांगितलं ना! निघा आता. उठली ती, काच खाली घ्या.