एकशे बारा गाठी, पुन्हा एकदा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे सर्जनसाहेब, सत्कारमूर्ती बारीकताई, समोर बसलेल्या त्यांच्या भावजय, आपल्या वहिनी, सहकारी मित्रमैत्रिणी, आणि खुर्च्या संपल्यामुळे दाराशी उभे असलेले तुम्ही सगळे,

ताईंचं खरं नाव हजेरीपटावर आहे. पण एकतीस वर्षं प्रयोगशाळेत त्या बारीकताईच. गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याच्या अशा चकत्या कापायच्या, की एका केसाच्या जाडीत पंधरा-वीस मावाव्यात, हे त्यांचं काम. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आम्ही जे पांडित्य करतो, ते आधी त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. ऑपरेशन आमच्या सर्जनसाहेबांनी केलं, उत्तम झालं. सात महिन्यांनी रोग फुप्फुसात दिसला. ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, गाठ तर अख्खी काढली होती. मग हे तिकडे गेलं कोणत्या वाटेनं?"

आम्ही तीच वाट शोधत होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी प्रथिनांच्या धाग्यांनी एकमेकींना घट्ट धरून असतात. आमचा संशय असा, की यकृतातल्या कर्करोगपेशी एक एन्झाइम भरमसाट बनवतात. ते हे धागे तोडतं, भिंतीला फट पडते, आणि पेशी रक्तात उतरून फुप्फुस गाठतात. एकशे बारा रुग्णांच्या गाठी तपासल्या. जिथे एन्झाइम जास्त, तिथे वाहिन्यांत शिरलेल्या पेशीही जास्त! मला आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी शोधनिबंध पाठवायचा ठरला.

शुक्रवारी ताई आल्या. "सर, थांबवा. जास्त एन्झाइमवाल्या चकत्या बहुतेक गाठीच्या कडेच्या आहेत, कमीवाल्या मधल्या. कडेला वाहिन्या असतातच जास्त. ही तुलना लंगडी आहे."

मी काय म्हणालो असेन? आभार मानले असतील? छे! चार सहकाऱ्यांसमोर म्हणालो, "चकत्या कापणं तुमचं काम, अर्थ लावणं आमचं." वर हेही, की "उत्तर तर तुम्हालाच हवं होतं ना?"

"हवंय, म्हणूनच बोलतेय. भाऊ अंथरुणाला खिळलाय. त्याला काय, खोटं सांगू?"

त्यांनी परवानगी मागितली नाही. एप्रन चढवला, पहिली गाठ काढली आणि कडेच्या चकत्या कापायला बसल्या. शनिवारभर मी चकत्या बसवलेल्या जुन्या काचा तपासल्या. दहाव्या काचेला पटलं, ताईंचंच बरोबर होतं. निबंध थांबला.

पुढे चौदा महिने आम्ही प्रत्येक गाठीची फक्त कड तपासली. चौथ्या महिन्यात भाऊ गेला. आठवड्याभरात ताई यंत्रावर हजर. कुणीतरी म्हणालं, "ताई, थोडे दिवस घरी राहा." त्या म्हणाल्या, "घरी राहून काय करू? अजून सत्तर गाठी आहेत."

निकाल काय आला? एन्झाइमचा संबंध टिकला, पण आधीच्या आकड्यांच्या निम्म्यानं. मग उंदरांमध्ये ते एन्झाइम रोखून पाहिलं. फुप्फुसातल्या गाठी कमी झाल्या, नाहीशा झाल्या नाहीत. जसं होतं तसंच छापलं. लेखकांत ताईंचं नाव आहे.

तो निबंध त्यांनी वहिनींना स्वयंपाकघरात बसून समजावून सांगितला. त्या घराला वाटत होतं, सर्जननं आत काहीतरी ठेवलं. वहिनींनी विचारलं, "म्हणजे ऑपरेशनच्या आधीच निघाल्या होत्या त्या पेशी?"

"बहुधा," ताई म्हणाल्या. "खात्रीनं" म्हणाल्या नाहीत हं. तो शब्द त्या स्वतःलाही सहज वापरू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनी सर्जनसाहेबांना भेटायला गेल्या. काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. आज मात्र ते दोघं एकाच गाडीतून आले.

मंडळी, औषध अजून हातात नाही. एन्झाइम रोखणाऱ्या तीन रसायनांची चाचणी पुढच्या महिन्यात सुरू होतेय. तीनही फसली, तर चौथं शोधू. चकत्या कापायला ताईंनी घडवलेल्या दोघी तयार आहेत, आणि दोघीही साहेबाला "थांबवा" म्हणायला शिकल्यात.

आपण सगळे आलात, शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. एक चूक मात्र तशी पोटात घालण्यासारखी नाही. ते वाक्य मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही चारचौघांतच मागतो.

ताई, मी चुकलो होतो.