अस्वलाचा डावा पाय

नाही, थांबा, तैसिया मार्कोव्हना, छप्पन्न नका लिहू — सत्तावन्न असेल, की छप्पन्नच? माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. आयुष्यभर जुन्या हस्तलिखितांचा काळ ठरवत बसलो मी, आणि स्वतःच्या बायकोच्या सिनेमाचं साल म्हणाल तर... बर्फ वितळत होता एवढं नक्की, थिएटरात सगळ्यांच्या बुटांखाली पाणी साचलं होतं. म्हणजे मार्च. बसा ना. त्या खुर्चीत नको — इकडे, खिडकीपाशी. चहा घ्या, चेरीचा मुरंबा आहे. तिचं सामान न्यायला आलेले गाडीवाले खाली थांबलेत? थांबू देत, संग्रहालय पगार देतंच की त्यांना.

तर तुमच्या पाटीवर काय लिहायचं — स्वतःचा चमू चालवणारी कार्टूनच्या स्टुडिओतली पहिली बाई, हे लिहाच, पण ते खरं कारण नव्हे. खरं कारण म्हणजे तिनं गिरवायला नकार दिला. त्या काळी काय करायचे, ठाऊक आहे ना तुम्हाला? नट आणायचा, त्याला चालवायचं, त्याचं चित्रीकरण करायचं आणि मग एकेक चित्र कागदाखाली ठेवून वरून गिरवायचं — सगळा स्टुडिओ तेच करायचा, वरून हुकूमच होता तसा. माझी कपितोलिना भर बैठकीत म्हणाली, गिरवलेल्या पायात वजन नसतं. झालं. कित्येक वर्षं तिला दुसऱ्यांच्या सिनेमातली झाडं रंगवायला बसवलं. घरी यायची ती बोटं हिरवी घेऊन. रडली नाही. रडली असेल तर मला दिसलं नाही — मला बरंच काही दिसायचं नाही, तो वेगळा विषय.

मग तिला अस्वल मिळालं. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल — म्हातारं अस्वल, रोज सकाळी घराबाहेर पडतं, तीन-चार पावलं जातं, परत येतं, दार ओढून बघतं नीट लागलंय का, आणि मग लंगडत निघतं. हसता ना? थिएटरही हसलं होतं. आमच्या या सामाईक घरातली शेजारीण, पेलागेया फोमिनिच्ना, माझ्या मागच्या रांगेत होती. मोठ्यानं म्हणाली, "अहो इनोकेंती साव्विच, हे तर तुम्ही! तुम्हाला असलंच केसाळ कातडं शिवून घ्या, स्वयंपाकघरात उबेला बरं." सगळी रांग वळून माझ्याकडे बघायला लागली. मीही हसलो. दाराचं खरं होतं, मी दार तपासतो, गॅस तपासतो, अजूनही — मघाशी तुमच्यासमोर दोनदा उठलो. पण पाय, तैसिया मार्कोव्हना. माझा उजवा गुडघा युद्धात, वोल्खोवच्या आघाडीवर गेला. उजवा. अस्वल डाव्या पायानं लंगडत होतं.

आणि डावा पाय ग्लेबचा होता.

ग्लेब तिचा पहिला नवरा. तुमच्या कागदात नसेल तो. डावा पाय जन्मापासून आखूड, म्हणून सैन्यानं घेतलं नाही, आणि एक्केचाळीसच्या शरदात शत्रू मॉस्कोच्या दारात आला तेव्हा स्वयंसेवकांच्या तुकडीनं घेतलं — त्यांनी सगळ्यांनाच घेतलं. परत आला नाही. मी आलो या खोलीत शेहेचाळीस साली. त्याच्याबद्दल ती बोलायची नाही, मी विचारायचो नाही. तर त्या अंधारात मला वाटलं, ठीक आहे, मेलेल्या माणसाला चालवायची हीच एक जागा आहे तिच्याकडे. चालू दे. ट्राममध्ये तिनं विचारलं, "कसं वाटलं, केशा?" मी म्हणालो, छान आहे. ती माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग खिडकीबाहेर बघायला लागली. पुढं त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

ताडून बघायलाही काही उरलं नव्हतं. चित्रीकरण संपलं की चित्रं रंगवलेली सेल्युलॉइडची पानं धुवून काढायचे, पुढच्या सिनेमासाठी — आख्खं अस्वल सोड्याच्या पाण्यात गेलं. आणि इथं, या टेबलाशी, ती माझ्याकडे पाठ करून बसायची. मी सकाळी विद्यापीठात निघायचो तेव्हा मान वळवून निरोप दिला नाही तिनं, एकदाही नाही. आरशात स्वतःचे तोंडाचे चाळे करत बसायची — ते सगळेच करतात, आरसा समोर ठेवल्याशिवाय त्यांच्या पात्रांना चेहरा येत नाही. मी दार ओढायचो, जायचो, परत यायचो, पुन्हा ओढायचो. ती पाठच.

ती गेली एकोणऐंशीत. त्यानंतर — सहा वर्षांनी? सहाच असतील — दूरदर्शनवर लहान मुलांच्या वेळेला अस्वल लागलं. पेलागेयाबाई ओरडल्या भिंतीपलीकडून, लावा लावा, तुम्हाला दाखवतायत. लावला. पण बघवेना, म्हणून पाठ करून या टेबलाशी चहा घेत उभा राहिलो. मान वर केली तर आरशात अस्वल. दार ओढून बघितलं त्यानं, आणि निघालं — उजव्या पायानं लंगडत, माझ्यासारखं.

आता मी शंकेखोर माणूस. एक दिसलं म्हणून काय झालं? तिची जुनी मदतनीस होती, झिनाइदा, तिला फोन केला. ती म्हणाली, बाई आठवणीतून चाल कधीच काढायच्या नाहीत, आरशात दिसेल तीच. मी म्हटलं, पण आरशात तर तिला स्वतःचं तोंड दिसायचं.

नाही, तैसिया मार्कोव्हना. तिची पदकं न्या, ब्रश न्या, माझे फोटो न्या हवे तर. टेबल जागचं हलायचं नाही, आरसाही नाही. गाडीवाल्यांना सांगा परत जायला. नका आग्रह करू. या तुम्ही — आणि जाताना दार जोरात ओढा, ते अडकतं.

त्या फोननंतर मी तिच्या खुर्चीत बसलो, पहिल्यांदाच, आणि पेलागेयाबाईंना दारात उभं राहायला सांगितलं. त्या खुर्चीतून आरशात दार पूर्ण दिसतं. मुठीपासून उंबरठ्यापर्यंत.