लेकरांची इर्जिक

माझा जन्म केडगावचा. आता ते नगर शहरात मिसळून गेलंय, तेव्हा पुण्याच्या रस्त्यावरचं वेगळं गाव होतं. वडील मिशनच्या कारखान्यात शिकलेलं सुतारकाम करायचे. आजोबांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं, पुढं मिशनची शाळा मिळाली म्हणून माझ्या हातात पाटी आली, नाहीतर रंधा आला असता, आणि कधीकधी वाटतं तेच बरं झालं असतं, लाकूड निदान उपाशी पोटी समोर येऊन बसत नाही.

तुम्ही माझ्याबद्दल विचारताय, पण मला सांगायचंय ते मार्थाचं, माझ्या बायकोचं. ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचंय. मी पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस, घरात बोलायची ती. तेव्हा सावकाश सांगतो, मधे थांबलो तर थांबू द्या.

माझी नेमणूक तिसगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात झाली. नाव नको, माणसं अजून आहेत. पत्र्याची शाळा, मास्तर मी एकटाच. मान होता, पण ख्रिस्ती होण्याआधीची आमची अस्पृश्य जात गाव विसरलं नव्हतं. कुणाच्या ओट्यावर बसलो तर चहाचा कप वेगळा यायचा. मार्था म्हणायची, वेगळा असू दे, साखर बघा किती घालतात, लाजेनं घालतात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्या आधीचं सालही कोरडंच गेलं होतं, त्यामुळं धान्याच्या कणग्या आधीच रित्या होत्या. गाव दुष्काळी कामावर गेलं, रस्त्याची खडी फोडायला. आणि माझ्या वर्गातला गोंगाट बंद झाला. मास्तराला शांतता बरी वाटते हो, मलाही आधी बरीच वाटली. मग खडू संपायला लागले. मी काही इतकं लिहीत नव्हतो. आणि भिंतीच्या कडेला बसणारी दुसरीतली बबी, ती नखानं भिंतीची पांढरी माती खरवडायची आणि बोट तोंडात घालायची. मी बघितलं की हात खाली. काय सांगू तुम्हाला, पोरीला कशासाठी रागवायचं तेच मला कळेना.

बबी किसनरावांची मुलगी. गावातलं मोठं शेतकऱ्याचं घर, जमीन भरपूर, पण वर आभाळच नाही तर जमीन काय करणार. किसनराव स्वतः फेट्याचा पदर तोंडावर ओढून खडी फोडायचे. कामावर लहान पोरांना सुकडी मिळायची, म्हणजे पौष्टिक पिठाची गोड वडी, आणि ती घ्यायला पोरांनी वाटी घेऊन रांगेत उभं राहायचं. गावकुसाबाहेरच्या खालच्या वस्तीतली पोरं उभी राहायची. किसनराव म्हणाले, आमची लेकरं वाटी घिऊन हुबी ऱ्हायची न्हाईत. त्यांचं बघून बाकीच्या शेतकरी घरांनीही तेच केलं. म्हणजे बघा, ज्यांना कधीच पोटभर नव्हतं त्यांच्या पोरांच्या तोंडात काहीतरी पडत होतं, आणि दाराला कडी लावलेल्या घरांतली पोरं वाळत होती.

मार्थानं एकदा मधल्या सुट्टीत बबीपुढं भाकरी धरली. पोरीनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि म्हणाली, आई मारंल. भाकरीवरची नजर मात्र तिला मागं नेता आली नाही. मार्था त्या दिवशी जेवली नाही. मी म्हणालो, तू उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहेस. ती म्हणाली, तुम्ही वाचा.

केडगावला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, रीत होती, बाई स्वयंपाकाला बसली की आधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते देवाचं. मार्थाचं माहेरही तिथलंच, तिनं निरोप धाडला, की यंदा देवाची मूठ इकडं पाठवा. ज्वारी आणि हुलग्यांची पोती एसटीच्या टपावरून तिसगावला आली, तिथून मी सायकलवर आणली. गावात सांगितलं, शाळेत माडगं, म्हणजे हुलग्यांच्या पिठाची पातळ पेज, शिजणार, लेकरं पाठवा. खालच्या वस्तीतली आली. वरच्या आळीतल्या शेतकरी घरांतलं एकही नाही. पारावर एक जण हसत म्हणाला, काय मास्तर, माडगं पाजून बाटवता का आमच्या पोरांना, निदान साखर तरी घाला. लोक हसले, मीही हसलो. दुसरं काय करणार.

मार्था हसली नाही. तिला आठवली इर्जिक. आम्ही गावात नवे होतो तेव्हा किसनरावांच्या शेतावर ती झाली होती. सगळं गाव बैल आणि औतं घेऊन एकाच्या शेतात उतरतं, दिवसात रान नांगरून काढतं, मजुरी कुणी घेत नाही, पण त्या घरी जेवल्याशिवाय जायचं नाही. न जेवता गेला तर घरधन्याचा अपमान. तिथं जेवणारा मिंधा होत नाही, घरधनी होतो.

ती बबीच्या आईकडं, गजराकाकूंकडं गेली. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मार्था म्हणाली, काकू, शाळेपुढचं आवार धोंड्यांनी भरलंय, लेकरांकडून वेचून घ्यायचंय, लेकरांचीच इर्जिक घालू. धान्य आहे, पण माझ्या हातचं सगळे खायचे नाहीत. तुम्ही इर्जिकीच्या घरधनीण व्हा. काकूंनी पुढ्यातल्या परातीकडं बघितलं. परात कोरडी होती. मग म्हणाल्या, पानी कुनी भरायचं? मार्था म्हणाली, मी भरलेलं चालणार नाही, मास्तरांनी भरलेलंही नाही. काकूंना हसू आलं. म्हणाल्या, बसा मंग दोघं निवांत.

आणि पोरं आली हो. इर्जिकीला कोण नाही म्हणणार? सकाळी दगड वेचायचे, दुपारी शाळेच्या ओसरीवर पंगत, गजराकाकू पदर खोचून माडगं वाढायच्या. खालच्या वस्तीची पोरं त्याच ओळीत, पण मधे हातभर जागा सोडून. ती जागा मार्थाला रोज दिसायची.

पोरांचे गाल भरायला लागले. वर्गात चिमटे, तक्रारी, मास्तर ह्यानं माझी पाटी घेतली, सगळं सुरू झालं. एकट्या बबीचं होईना. तिच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. आम्हाला कळेना, रोज इथंच असते पोरगी.

मार्थानं मग पंगत सोडून चुलीकडं बघितलं. बबी चुलीपाशी बसलेली, आईला लाकडं देत. घरधनिणीची लेकरं शेवटी जेवतात. पाहुणे उठले, की मग घरचे. आणि सगळी पोरं उठेपर्यंत पातेल्यात काही उरायचं नाही. काकू त्यात पाणी घालून हलवायच्या आणि ते धुवण बबीला द्यायच्या, नंतर उरलं तर स्वतः घ्यायच्या.

मार्था म्हणाली, "काकू, बबीला पंगतीत बसवा."

"घरचं लेकरू आदी जेवलं तर पाव्हण्याला काय तोंड दावू? गाव म्हनंल, गजरीनं पोरीसाटी चूल मांडली."

"पोरगी जाईल, काकू."

काकूंना दिसत नव्हतं असं समजू नका, आई होती ती. पण ज्या रीतीनं गावची पोरं जेवायला आली, तीच रीत मोडली तर उद्या कोण येईल, हेही तिला दिसत होतं.

मार्थानं रीत मोडली नाही. तिनं बायकांना बोलावलं आणि म्हणाली, इर्जिक एकाच घरची कशी राहील, उद्यापासून पाळीनं करू, रोज नवी घरधनीण, म्हणजे बबी पाहुणी होईल. सगळ्यांना पटलं, पण उद्याची पाळी कुणी घेईना. कारण उघड होतं. जिची पाळी तिचं लेकरू शेवटी. मग मागून सखूआजी उठली, खालच्या वस्तीतली म्हातारी, खडी फोडायचं वय गेलेलं. ती म्हणाली, माज्या घरात ल्हान लेकरूच न्हाई, शेवटी बसायला कोन हाय? उद्या मी रांदते, येनाऱ्यानं यावं.

एकेक बाई पदर सावरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सखूआजीनं चूल पेटवली. खालच्या वस्तीची पोरं बसली. वरच्या आळीतली आवाराच्या कडेला उभी, घरून ताकीद होती, पण वास येत होता, त्यामुळं जातही नव्हती. मी पुस्तक उघडून बसलो होतो, एक ओळ वाचली असेल तर शपथ.

गजराकाकू आल्या. बबीला कडेवर घेऊन, इतकी मोठी पोर, तिला चालवत नव्हतं. कुणाकडं न बघता त्या सरळ ओसरीवर आल्या, ती हातभर जागा होती ना, तिथंच बसल्या, आणि बबीला पुढ्यात घेतलं. सखूआजीचा वाढायचा हात थांबला. म्हातारी म्हणाली, वैनी, इचार करून. काकू म्हणाल्या, "वाढा आजी. इर्जिकीला आलोय."

बबी जेवली. मग उभ्या पोरांतली काही येऊन बसली, सगळी नाही. काही घरांची पोरं त्यानंतर कधीच आली नाहीत.

किसनराव कामावरून आले तोवर गावभर झालं होतं. त्यांनी विचारलं, आज पोरगी कुटं जेवली? काकू म्हणाल्या, इर्जिकीला. त्यांनी फेटा सोडून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, मंग जेवूनच यावं लागतंय. एवढंच. पुढं गावात त्यांना पुष्कळ ऐकावं लागलं, त्यांनी ऐकून घेतलं.

बबीची सूज उतरली, हळूहळू. पुढं तिचं लग्न झालं, नातवंडं झाली. पण आमचं फक्त तेवढंच एक आवार होतं. डोंगरापलीकडं वस्त्या होत्या, तिथं शाळा नव्हती, चूल मांडणारं कुणी नव्हतं. तिथली किती लेकरं पुढच्या पावसापर्यंत टिकली, मला सांगता येत नाही. आणि जी घरं परत आली नाहीत, त्यांतलं एक लेकरू उन्हाळ्यात गेलं. मार्थानं बबीचं नाव म्हातारपणी क्वचित काढलं. काढायची ते त्या लेकराचं. मी म्हणायचो, अगं, पण बबी वाचली ना. ती म्हणायची, बबीला तिच्या आईनं उचलून आणलं. त्याला उचलायला आपण का गेलो नाही?

देव तुमच्या घरातल्या लेकरांना भरल्या ताटावर रुसायचं सुख देवो, बाकी मला काही मागायचं नाही.