भेटवस्तू पाठवू नये

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय सुमंतजी, संस्थेचे नवे सचिव श्री. केयूरजी, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधाम टाकून जमलो ते सत्कारमूर्ती रुपरावजी, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. अंजनाबाई, समोर बसलेले कर्मचारी आणि देणगीदार, आणि ज्यांचं अर्धं लक्ष मागून येणाऱ्या वडाभाताच्या वासाकडे आहे असे सर्व बंधुभगिनी, आपणा सर्वांना यमुना देवपुजारीचा नमस्कार.

मला यमुताई म्हणतात, हुडकेश्वरला राहते. देणगीदारांच्या वतीनं तीन मिनिटं बोला, असं मला फोनवर सांगितलंय. आता पंच्याहत्तरीच्या बाईला तीन मिनिटं तर चष्मा शोधायलाच लागतात. तेव्हा केयूरजी, तुम्ही आपले घड्याळाकडे बघू नका. वडाभात मुरला की जास्त चांगला लागतो.

रुपरावजी बत्तीस वर्षं या संस्थेच्या टपाल विभागात होते. विभाग म्हणजे काय, तर एक टेबल, एक कपाट, डिंकाची बाटली आणि स्वतः रुपरावजी. शाळेतल्या ज्या मुलांना फळा दिसत नाही त्यांना मोफत चष्मा द्यायचा, हे संस्थेचं काम आपण जाणताच. त्याला पैसे लागतात. म्हणून दरवर्षी दिवाळीच्या आधी आम्हा देणगीदारांच्या घरी एक जाडजूड पाकीट येतं. आतलं पत्र एका पानाचंच असतं, जाडी सगळी भेटवस्तूची.

माझे यजमान मधुसूदनराव खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर होते. वीस वर्षांपूर्वी कन्हानच्या एका शाळेत आपलं तपासणी शिबिर होतं. हे सहज आत डोकावले आणि पाचशे रुपये देऊन आले. तिथल्या वहीत नाव-पत्ता लिहून दिला, एवढीच त्यांची चूक झाली. तेव्हापासून पाकीट कधी चुकलं नाही. कधी पेन, कधी कीचेन, कधी मुलांनी रंगवलेली भेटकार्डं. आणि न चुकता दरवर्षी स्टिकरचा एक कागद, त्यावर चोवीस वेळा छापलेलं, ‘श्री. मधुसूदनराव देवपुजारी, प्लॉट नंबर ४१, हुडकेश्वर रोड, नागपूर.’

ह्यांचा पारा चढायचा. “मी मागितलं होतं का? आधी हातावर लाडू ठेवायचा आणि मग वर्गणीचं पुस्तक काढायचं, ही कुठली रीत?” स्टोअरकीपरच तो, मागणी केल्याशिवाय टाचणी देणार नाही आणि घेणार नाही. पण फुकटची वस्तू ठेवून घेऊन देणगी द्यायची नाही, हे तर त्यांना त्याहून जमत नव्हतं. मग चडफडत पोस्टात जायचे, मनिऑर्डर करायचे आणि वेगळं एक कार्ड टाकायचे. त्यावर दोन ओळी असत. ‘भेटवस्तू पाठवू नये. तेवढ्या पैशात एका मुलाचा चष्मा होईल.’ पंधरा वर्षांत एक शब्द बदलला नाही. आणि पंधरा वर्षं पुढच्या दिवाळीला भेटवस्तू हजर. स्टिकर त्यांनी कधी वापरले नाहीत, टाकूनही दिले नाहीत. ड्रॉवरमध्ये तारखेवार लावून ठेवले.

पाच वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतरचे काही महिने मी झेरॉक्सच्या दुकानातच काढले म्हणा ना. बँक, पेन्शन, गॅस, रेशन कार्ड, विजेचं बिल. प्रत्येक खिडकीत मृत्यूचा दाखला द्यायचा आणि आपल्याच हातानं त्यांचं नाव कमी करून घ्यायचं. शेवटी एकही कागद असा राहिला नाही, की ज्यावर ते आहेत.

आणि दिवाळीआधी आपलं पाकीट आलं. वर लिहिलेलं, ‘श्री. मधुसूदनराव देवपुजारी यांस.’

आता मला सांगा, अख्ख्या नागपुरात त्यांना ‘श्री.’ म्हणणारे एकटे तुम्हीच उरला होता. तुम्हाला मी कोणत्या तोंडानं कळवणार होते? कळवलं असतं तर तुम्हीही नाव काढलं असतं. मी गप्प राहिले. त्यांच्याच नावानं मनिऑर्डर केली. कार्ड मात्र टाकलं नाही, कारण भेटवस्तू पाठवू नये असं मला वाटतच नव्हतं. अध्यक्षमहोदय, मी संस्थेशी पाच वर्षं खोटं वागले, हे आज सगळ्यांसमोर कबूल करते.

मग मी तो ड्रॉवर उघडला. आपल्याकडे डबे कसे फिरतात, हे इथल्या बायकांना सांगायला नको. स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेलं असतं, तो चार घरं हिंडून परत येतो. प्लास्टिकचा डबा एकदा गेला की गेला. मी प्रत्येक डब्यावर एक स्टिकर चिकटवायला लागले. हिवाळ्यात कोथिंबिरीचं सारण भरून सांबारवड्या करायच्या, डब्यात भरायच्या, आणि गल्लीभर मधुसूदनराव पोचायचे. आमची शेजारीण वच्छला एकदा गच्चीवरून ओरडली, “वं मावशी, काकाजी दोन दिवसांपासून माह्या फ्रिजमंदी बसून राहिले नं. घेऊन जा त्याइले.” सगळी गल्ली हसली. मीही हसले, आणि घरात जाऊन रडले. पण त्या दिवशी जेवण बरं गेलं.

असं छान चाललं होतं, तर गेल्या दिवाळीत संस्थेनं ठरवलं की वीस वर्षं सलग देणगी देणाऱ्यांचा सत्कार करायचा, आणि त्यांनी स्वतः उपस्थित राहायचं. रुपरावजींचा फोन आला. मी म्हटलं, ह्यांचे गुडघे फार दुखतात, येणं व्हायचं नाही. तर हे गृहस्थ म्हणाले, “मंग मीच येतो, घरी येऊन शाल देतो.”

तासाभरात येणार होते. मी भिंतीवरचा ह्यांचा फोटो चंदनाच्या हारासकट काढला आणि पिठाच्या डब्यामागं उभा केला. रुपरावजी आले, बसले, चहा घेतला.

“साहेब कुठी गेले?”

“फिरायला गेलेत.”

“गुडघे दुखून राहिले म्हणे नं त्याइचे?”

“म्हणूनच. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

त्यांनी मान डोलावली आणि दुसरा कप मागितला. समोरच्या भिंतीवर मोकळा खिळा होता, आणि त्याखाली फोटोएवढा चौकोन, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. मी पोहे आणले, लाडू आणले, त्यांची नजर तिकडं जाऊ नये म्हणून मधेमधे उभी राहिले. निघताना दारात चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “वहिनी, फोटो लावून घ्या. भिंत सुनी दिसते.”

मी त्यांना दारातच थांबवलं. तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं.

“कोणी नाही. पंधरा वर्षं साहेबाचं कार्ड येत होतं. ज्या साली तक्रार आली नाही, त्याच साली मले समजलं.”

मग नाव का नाही काढलंत? संस्थेचा तसा नियमच आहे ना?

“हाये नं. पण मनिऑर्डरवरचं अक्षर बदललं होतं. म्हटलं, हे पाकीट कोणाले तरी पाहिजे हाये.”

केयूरजी, हा नियमभंग आहे, मला मान्य आहे. पण निवृत्त होणाऱ्या माणसावर तुम्ही आता काय कारवाई करणार? शाल द्या आणि सोडून द्या.

या महिन्यात केयूरजींचं पत्र आलं. यापुढे पाकिटात भेटवस्तू येणार नाही, तो खर्च चष्म्यांकडे वळवला जाईल. म्हणजे वीस वर्षांनी का होईना, माझे यजमान जिंकले. मी ते पत्र फोटोसमोर उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना किती आनंद झाला असता! मला झाला नाही, खोटं कशाला बोलू. पण निर्णय बरोबर आहे. ज्या पोराला फळा दिसत नाही त्याचा चष्मा, की एका म्हातारीच्या डब्यावरचा कागद, हा हिशेब मलाही येतो. स्टोअरकीपरची बायको आहे मी.

तेव्हा केयूरजी, एक काम आत्ताच उरकून टाकू. हा घ्या मृत्यूचा दाखला. झेरॉक्स आहे, शेवटचीच उरली होती. यादीतून त्यांचं नाव काढा आणि माझं घाला. मनिऑर्डर येत राहील. आणि तुम्ही पुन्हा कधी पेन-बिन पाठवायला लागलात, तर कार्डही येईल. मजकूर मला पाठ आहे.

आणि रुपरावजी, संस्थेनं तुम्हाला शाल-श्रीफळ दिलं, मानपत्र दिलं. माझी भेट न मागता आलेली आहे, पण ती तुम्हाला घ्यावी लागेल. बत्तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या बाबतीत तेच केलंत. अंजनाबाई, तुम्हीच घ्या हा डबा हातात. सकाळी केलेल्या सांबारवड्या आहेत. वरचा स्टिकर शेवटचा आहे. बाकीचे साबणाच्या पाण्यात गेले.

बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर वयाकडं पाहून सोडून द्यावं. तीन मिनिटांची पंधरा केली, त्याबद्दल अध्यक्षांची माफी मागते. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे मनापासून आभार.

फक्त रुपरावजी, डबा साबणानं घासू नका, नुसता पुसून घ्या. आणि डबा ठेवून घ्यायचा नसतो, रिकामाही पाठवायचा नसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं. आत काय घालायचं ते अंजनाबाई बघतील. पण टपालानं नको, स्वतः या, आणि साहेबांना घरी आणून सोडा. पत्ता वर लिहिलेला आहे.